कलशेट्टी मॅडम आणि राहिलेले मतदार

मी जन्मले ती खोली मालकाच्या मोटरपंपाची. जेऊरपासून आत, केळीच्या बागेत. अर्ध्या खोलीत स्टार्टरची पेटी, पाइपांची भेंडोळी आणि खताची पोती, उरलेल्या अर्ध्या खोलीत आम्ही. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या बागेवर सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत अण्णांचे हातपाय मालकाचे. आईचं साल वेगळं कुणी ठरवत नव्हतं, ते अण्णांच्या सालातच धरलेलं असायचं. लाइट आली की पंप धडधडायला लागायचा आणि आम्ही एकमेकांशी ओरडून बोलायचो. त्या आवाजात मी बाराखडी शिकले. आजही फार शांत खोलीत मला वाचायला जमत नाही.

निवडणूक आली की मालकाची जीप यायची. अण्णा धुतलेला सदरा घालायचे, आई ठेवणीतलं पातळ काढायची. बागेवरची सगळी माणसं जीपमध्ये दाटून बसायची. येताना भजी आणि चहा. पोळ्याला बैल सजवून गावातून मिरवतात, तसंच हे माणसांचं काहीतरी असेल असं मला वाटायचं. मत म्हणजे काय ते मला कॉलेजात कळलं, आणि ते सांगितलं कलशेट्टी मॅडमनी.

आमच्या घराण्यात मी पहिली पदवीधर. हे मी बोलण्याच्या ओघात दोन-तीनदा सांगते. लोकांना वाटतं, बाई मिरवते. मिरवतेच. पंपाच्या खोलीतून निघून सोलापुरात बी.ए. करणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यानं मला नावं ठेवावीत.

सोलापुरात माझी सोय झाली ती 'कमवा आणि शिका'मुळं. सकाळी मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाकरी थापायची, मग कॉलेज, संध्याकाळी परत भाकरी. त्याच्या बदल्यात राहणं, जेवण आणि फी. माझ्यासारख्या आणखी काही जणी होत्या. भाकरीची चूल लाकडाची. वर्गात आम्ही एका बाकावर बसलो की धुराचा वास यायचा, आणि पुढच्या बाकावरच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. आम्हीही मग मुद्दाम त्यांच्या जवळ सरकून बसायचो.

कलशेट्टी मॅडम इतिहास शिकवायच्या आणि वसतिगृहाच्या रेक्टरही त्याच होत्या. मूळच्या अक्कलकोटकडच्या. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि घाई झाली की दोन्ही एकदम. घाई त्यांना कायमच असायची. "लगू लगू!", म्हणजे लवकर लवकर, म्हणत वर्गात शिरायच्या आणि "साकु, साकु," म्हणजे पुरे, असं स्वतःलाच बजावत बाहेर पडायच्या. उंची बेताची, चाल बाणासारखी, पदर कमरेला खोचलेला, कपाळावर विभूतीची फिकट रेघ. खुर्चीवर बसलेल्या त्या कुणी पाहिल्या नव्हत्या. स्टाफरूममध्ये कडक भाकरी आणि शेंगाचटणी उभ्यानं खायच्या. चहा अर्धा पिऊन कप कुठंतरी ठेवायच्या आणि तो शोधत पुन्हा यायच्या. त्यांची जुनी स्कूटर होती. फाटकाशी कुणी भेटलं की त्या थांबायच्या, पण स्कूटर बंद करायच्या नाहीत. समोरच्याला फटफटीच्या वर आवाज काढावा लागायचा. मला त्या पहिल्यापासून आपल्या वाटल्या त्या बहुतेक याच कारणानं. पंपाजवळ वाढलेल्या पोरीला असं बोलायची सवय होती.

त्या आम्हाला नावानं हाक मारायच्या नाहीत, गावानं मारायच्या. "जेऊर, उठ." "होटगी, फळा पूस." "करमाळ्याच्या प्रतिनिधींना झोप लागली वाटतं." वर्ग म्हणजे त्यांच्या लेखी एक विधिमंडळ होतं आणि आम्ही आपापल्या गावचे निवडून आलेले सभासद. गंमत वाटायची आणि थोडा ताठाही यायचा. जेऊरचं नाव कुणी इतक्या मोठ्यानं घेतलेलं मी रेल्वेच्या भोंग्याशिवाय ऐकलं नव्हतं.

आणि त्यांचा विषय! सोलापूरच्या उन्हात बसून या बाईंनी आयुष्य घातलं होतं पोर्तुगालमध्ये. तिथल्या राजाच्या डोक्यावर पहिल्यांदा राज्यघटना बसली, सभा भरली, त्या सभेसाठी निवडणुकीचे कायदे झाले, तो काळ. मत कुणाला, उभं कुणी राहायचं, कुणाच्या वतीनं कोण बोलणार. त्यासाठी त्या पणजीला जाऊन एका वयस्क बाईंकडं पोर्तुगीज शिकल्या होत्या. वर्गात एखादं कलम मूळ भाषेत वाचून दाखवायच्या, पण चाल अशी की पोर्तुगीजसुद्धा अक्कलकोटच्या बाजारात बोलतात असं वाटावं.

स्टाफरूममध्ये त्यांची चेष्टा व्हायची. भूगोलाचे सर म्हणायचे, "मॅडम, सोलापूरला पाणी चार दिवसांनी येतंय, आणि तुमचं लिस्बनमध्ये काय चाललंय?"

"तिथं पण हेच चाललंय, सर. ज्याच्या घरी टाकी, तोच पाण्याच्या कमिटीवर."

एवढं बोलून त्या निघालेल्या असायच्या. सरांना उत्तर सुचेपर्यंत स्कूटर सात रस्त्याच्या चौकात पोचलेली.

त्यांचा एक प्रश्न आम्हाला पाठ होता. कुठलाही कायदा सांगून झाला की त्या खडू आमच्याकडं रोखायच्या. "आत कोण कोण आलं ते पुस्तकात आहे. तुम्ही मला सांगा, कोण राहिलं?" हजेरी झाल्यावर "कोण राहिलं?" सहलीच्या बसमध्ये "कोण राहिलं?" वसतिगृहात वाढून झाल्यावर हातात पळी घेऊन "कोण राहिलं?" एकदा कॉलेजात कुणा पुढाऱ्याचं भाषण होतं. त्यांनी टाळ्यांच्या मध्ये उठून विचारलं, "साहेब, तुम्ही सगळ्यांचे आभार मानले. कोण राहिलं?" साहेब गडबडले आणि त्यांनी मांडववाल्याचे आभार मानले. मांडववाल्याला इतकं बरं वाटलं की जाताना तो मॅडमच्या पाया पडला.

गोव्याच्या बोटीची गोष्ट त्या दर वर्षी सांगायच्या. लिस्बनच्या सभेसाठी गोव्यातूनही प्रतिनिधी निवडले गेले होते. ते बोटीत बसले. महिनोन्महिने समुद्र. त्यातले काही पोचेपर्यंत राजानं ती सभाच मोडून टाकली होती. "बोट पोचली, सभा बंद!" असं म्हणताना मॅडम फळ्यावर हात आपटायच्या, आणि दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचा तो उशीर त्यांना आज सकाळी झाल्यासारखा लागायचा. स्वतः त्या कुठंही अर्धा तास आधी पोचायच्या. लग्नाला गेल्या तर मांडवात अजून गाद्या घालत असायचे.

आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. मॅडमनी वर्गात निवडणूक घ्यायचं ठरवलं. मतदान नाही, फक्त मतदार कोण ते काढायचं, पोर्तुगालच्या त्या पहिल्या घटनेच्या नियमानं.

"सगळे उभे राहा. आता मी वाचते. ज्याला नियम लागला तो खाली बसेल. बायका तर सगळ्यांत आधी बसतील."

आम्ही मुली बसलो. मॅडम म्हणाल्या, "त्या सभेत एकानं सूचना मांडली होती बरं का, की सहा मुलं असलेल्या आईला तरी मत द्या. सभेनं चर्चा करायलासुद्धा नकार दिला."

मागून करमाळ्याचा प्रतिनिधी ओरडला, "मॅडम, माझ्या आजीला आठ हायत. तिला एक मत आन् वर काय शिल्लक?"

वर्ग हसला. मॅडमही हसल्या, पण पाय थांबले नाहीत. "पंचवीस पूर्ण नाहीत ते बसा." जवळजवळ सगळे बसले. उरलेल्या दोघांतला एक जण बापाच्या घरात राहत होता. "वडिलांच्या घरात राहणाऱ्याला मत नाही, बस." एकटा उभा राहिला अक्कलकोटचा. वयानं मोठा, लग्न झालेला, स्वतःचं पंक्चरचं दुकान. तो इकडंतिकडं बघून लाजला.

"बघा, हे तुमचं सार्वभौम राष्ट्र!" मॅडम म्हणाल्या. "आणि काही वर्षांनी दुसरी सनद आली तेव्हा ठराविक उत्पन्न पाहिजे म्हणाले. पंक्चरमध्ये सुटतं का काही?"

"नाही, मॅडम."

"मग तू पण बस."

राष्ट्र खाली बसलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडमना तेवढ्यानं पुरेना. "थांबा. एक नियम दिसलाच नाही. आता समजा सगळे पुरुष आहेत, सगळे पंचविशीचे, वेगळं घर करून राहणारे. पुन्हा उभे राहा. आता नियम ऐका, घरगड्यांना मत नाही. का? तर जो दुसऱ्याच्या घरचं खातो त्याला स्वतःची इच्छा नसते. मालक सांगेल तिथं तो जाणार. कुणी आहे का असं? नाही ना? मग..."

मंगल उभी होती. होटगीची. बाप रेल्वेत ठेकेदाराकडं रुळाच्या कामावर. ती माझ्याबरोबर भाकरी थापायची आणि माझ्यापेक्षा गोल थापायची. ती म्हणाली, "मॅडम, आमी काय करायचं? बसायचं का उभं ऱ्हायाचं?"

"तू कशाला बसशील? तू विद्यार्थिनी आहेस."

"न्हाय, इचारलं. वसतिगृहाच्या सभेला तुमी आमाला भाईर बसवता की."

हे ती टोचून बोलली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. आमच्या वसतिगृहाची मुलींची सभा असायची. मेसचा कारभार, सुट्ट्या, नियम सगळं तिथं मतानं ठरायचं. संस्थेच्या जुन्या नियमपुस्तिकेत लिहिलेलं होतं की वसतिगृहाकडून कामाचा मोबदला घेणाऱ्या मुली सभेत मत देणार नाहीत. दर सभेला मॅडम स्वतः ते वाचायच्या आणि आम्ही स्वयंपाकघरात जाऊन पीठ मळायचो. आम्हाला त्यात काही वाटत नव्हतं. मोठ्या माणसांच्या गोष्टीत सालगड्यानं बसू नये, तसं ते.

मॅडम थांबल्या. चालता चालता, खडू हवेत धरून, थांबल्या. मग त्यांनी हातानं मागं चाचपलं, खुर्ची सापडली, आणि त्या बसल्या. सगळा वर्ग बघत राहिला. आमच्यातल्या कुणी मॅडमना बसलेलं पाहिलं नव्हतं.

"कोण राहिलं..." त्या हळूच म्हणाल्या. त्या वेळी त्यांचा खडू कुणाकडंच रोखलेला नव्हता. मग एकदम उठल्या. "होटगी, जेऊर, बाहेर चला. बाकीचे घरी जा. लगू लगू!"

घाईला कारण होतं. त्याच शनिवारी वसतिगृहाची सभा होती, आणि सभेपुढं एकच विषय होता. आमचं स्वयंपाकघर बंद करून जेवण बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं की नाही. ठेकेदार आला तर तो आपली माणसं आणणार. भाकरी थापणाऱ्या पोरींची गरज संपली. आणि भाकरी संपली की आमची फी, आमची खाट, आमचं कॉलेज, सगळंच संपलं. मंगलच्या घरी तर स्थळ बघून ठेवलेलं होतं, ती परत येण्याचीच वाट होती. म्हणजे आमच्या शिक्षणाचा निकाल शनिवारी लागणार होता, आणि लावणाऱ्यांत आम्ही नव्हतो.

नियम बदलायचा तर संस्थेच्या सचिवांची सही लागणार. सचिव राहायचे करमाळ्याला. सगळे त्यांना आबा म्हणायचे. फोन केला तर आबा म्हणाले, बघू, पुढच्या महिन्यात मीटिंग आहे. मॅडमनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "बोट निघाली." दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पहाटेच त्या स्टेशनवर. बरोबर मला घेतलं, कारण तो रस्ता माझा. मंगलला भाकरीला ठेवलं.

गाडी वाटेत कुठंतरी थांबून राहिली. मॅडम डब्यात या दारापासून त्या दारापर्यंत येरझाऱ्या घालत होत्या. एक म्हातारा म्हणाला, "बाई, तुमी चालून गाडी हलंल व्हय?" मॅडम म्हणाल्या, "गाडी हलत नाही म्हणून मी हलते." म्हाताऱ्यानं त्यांना शेंगा दिल्या. उभ्यानंच खाल्ल्या त्यांनी.

मग येऊन माझ्या समोर उभ्या राहिल्या. "जेऊर, तुझे वडील सालगडी ना? ते मत कुणाला देतात?"

मी जीपचं सांगितलं. भज्यांचं सांगितलं. मग जे घराबाहेर कधी बोलले नव्हते ते सांगितलं. मागच्या सुट्टीत मी अण्णांना विचारलं होतं, मालक सांगतील तिथंच का देता? अण्णा तंबाखू मळत होते. म्हणाले, "जीप मालकाची. भजी मालकाची. आत पडद्यामागं कोण असतं? मी आन् मशीन. मालकाला काय कळतंय? मी इतकी वरसं मला वाटतंय तिथंच दाबतोय." आईलासुद्धा तेव्हाच कळलं. ती म्हणाली, "मग मला न्हाय व्हय सांगायचं? मी आपली मालक म्हनतील तितंच दाबत आले!"

मॅडम इतक्या मोठ्यानं हसल्या की पलीकडचं तान्हं पोर जागं झालं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अय्यो, दोनशे वर्षं झाली हे लिहून, की घरगड्याला इच्छा नसते," त्या म्हणाल्या. "आणि तुझे वडील भजी खाऊन..."

जेऊरला उतरून आम्ही वडापच्या, म्हणजे माणसं भरून चालणाऱ्या, जीपनं करमाळ्याला पोचलो. आबा बाजार समितीत आपल्या आडतीवर उडदाच्या पोत्यांच्या मध्ये गादीवर बसले होते. माणूस वाईट नव्हता. मॅडमना खुर्ची दिली, मला पाणी दिलं. मॅडम खुर्चीमागं उभ्या राहिल्या.

"बाई, तुमी बसा की. तुमच्याकडं बघून मला धाप लागती."

"आबा, सही पाहिजे." त्यांनी कागद पुढं केला. एकच ओळ होती.

आबांनी वाचलं. "स्वयंपाकघरात काम करणारी पोरगी स्वयंपाकघरावर मत देणार? ती तर आपला फायदा बघणार."

"मग जेवणारी कुणाचा फायदा बघणार, आबा?"

आबा मिशीत हसले. "ते जाऊ द्या. पण या पोरी तुमच्या हाताखालच्या. तुम्ही म्हणाल तिथं देणार. आमचे सालगडी बघा. आम्ही सांगू तिथंच बटण दाबतात, एक मत इकडचं तिकडं होत न्हाय."

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मॅडम उडदाच्या पोत्यावरचा शिक्का वाचायला लागल्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडं अजिबात बघितलं नाही.

"आबा," मॅडम म्हणाल्या, "या पोरी माझं ऐकणार असतील तर मला बरंच आहे. मी ठेकेदाराच्या बाजूची आहे."

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. आबाही बघत राहिले. "म्हंजे? ह्या तर तुमच्या इरुद्ध जाणार."

"जातील."

"मग कशापाई त्यांना मत देताय, बाई? डोकं फिरलंय काय?"

"जे माझ्या बाजूनं देणार त्यांनाच मत द्यायचं असेल तर सभा कशाला पाहिजे? मी एकटीच ठरवते की."

आबांनी पुष्कळ वेळ कागद खालीवर केला. बाहेर लिलाव चालू होता, हमाल ओरडत होते. मॅडम एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या. शेवटी आबा म्हणाले, "ह्यात 'परंतु' कुटं हाय? नियमाला 'परंतु' लागतो."

"मी आयुष्यभर 'परंतु' वाचलेत, आबा. ज्या कायद्यात 'परंतु' सुरू झाला तिथून पुढं कुणाचं तरी घर राखलेलं असतं."

"तुमी लई हट्टी," म्हणत आबांनी सही केली. सही करताना मात्र म्हणाले, "चहा बसून प्या, या अटीवर." मॅडम बसल्या. अर्धा कप होताच उठल्या.

येताना गाडीत मी पिशवीचा बंद गुंडाळत बसले. मला राग आला होता आणि तो दाखवायची हिंमत नव्हती. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "विचार ना."

"मॅडम, ठेकेदार आला तर आम्ही कुठं जायचं?"

"तुम्ही पहिल्या तासाला डोळे मिटता. धुरानं मंगलचा खोकला हटत नाही. मला वाटतं ती चूल बंद व्हावी. तुमची सोय दुसरीकडं करता येईल, लायब्ररीत, ऑफिसात. मी भांडेन."

"भांडून नाही मिळालं तर?"

मॅडम म्हणाल्या, "हे मला सांगू नकोस. उद्या सभेत सांग. त्यासाठीच गेलो होतो आपण."

शनिवारी सभा भरली. मॅडमनी नियम वाचला, ती एकच ओळ. मग नेहमीसारखं विचारलं, "कोण राहिलं?" सगळ्या मुलींनी वळून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं. आम्ही आत, पहिल्यांदाच, सतरंजीवर बसलो होतो. मंगलच्या हाताला पीठ तसंच होतं.

बोलली मंगल. "आमच्या भाकरीला कुणी नाव ठेवत न्हाय, पन आमाला वास येतो म्हून सरकून बसता. ठेकेदार आला की वास बी जाईल आन् आमी बी जाऊ. तुमाला जेवान गरम मिळंल. मला घरी नवरा मिळंल, गरम का थंड ठावं न्हाय." सगळ्या हसल्या. मग मॅडम ठेकेदाराच्या बाजूनं बोलल्या. चांगलं बोलल्या, आमच्या छातीतल्या धुराबद्दल आणि लायब्ररीतल्या कामाबद्दल बोलल्या. मला त्यांचं पटलंसुद्धा, आणि तरी मी विरुद्ध मत दिलं. चिठ्ठ्या टाकायला भाकरीचाच मोठा डबा ठेवला होता.

मोजणी झाली. स्वयंपाकघर थोडक्यात वाचलं.

नंतर भांडी घासताना आमच्यातलीच एक, मोहोळची, म्हणाली, "मी तर ठेकेदारालाच दिलं बाई. मला ह्या चुलीचा वैताग आलाय. मॅडम लायब्ररी देते म्हनल्या." मंगलनं तिच्या अंगावर पाणी उडवलं. "अगं भवाने, आपलंच पोट आपन कापतीस व्हय?" ती म्हणाली, "माझं मत हाय, तुझ्या बाचं हाय का?"

मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो विसरलेले नाही. "हौदु! बरोबर!" त्या म्हणाल्या. "माझं मत हाय! आता हे कुणीतरी लिस्बनला कळवा." आणि आम्हाला सांगून टाकलं, "मी हरले. छान हरले. लगू लगू आटपा, मला चूल बघायचीय." पुढच्या आठवड्यात चूल गेली, गॅसची शेगडी आली, वर धुराड्याचा पंखा बसला. मोहोळवालीला लायब्ररी मिळाली. ते सगळं मॅडमनी कुणाकुणाशी भांडून केलं ते मला पुढं पुष्कळ उशिरा कळलं.

त्या निवृत्त झाल्या. त्यांचा पोर्तुगालवरचा शोधनिबंध पुस्तक होऊन आला की नाही ते मला माहीत नाही. कधी विचारलं की म्हणायच्या, "अजून एक कलम राहिलंय." मला वाटतं, त्यांना ते संपवायचंच नव्हतं. संपलं की बसावं लागलं असतं.

मी आता शाळेत शिकवते. मागच्या निवडणुकीत माझी ड्यूटी सोलापुरातल्याच एका शाळेत लागली. दार उघडलं तर रांगेत पहिल्या मॅडम. अर्धा तास आधीच आलेल्या असणार. केस पांढरे, पदर खोचलेला, विभूतीची रेघ तशीच. मी मतदान अधिकारी, ओळख दाखवता येत नव्हती. मी त्यांच्या बोटाला शाई लावली. बोट धरलेलं होतं तरी त्यांचे पाय पुढं निघालेले.

त्या आत गेल्या, मत देऊन आल्या, पण बाहेर पडेनात. दाराशी घुटमळल्या. शिपाई म्हणाला, "आजी, झालं की. चला पुढं." मॅडम मागं वळल्या. त्यांच्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या दोघी बायका त्यांच्याबरोबर आल्या होत्या. एक आत होती, दुसरी पदर सावरत रांगेत. मॅडम माझ्याकडं बघून न ओळखल्यासारखं करत म्हणाल्या, "मॅडम, एक राहिलीय." मग त्या दुसरीला म्हणाल्या, "नडी, नडी, चल. आत तू आणि मशीन, बाकी कुणी नाही."

ती आत गेली. बाहेर फाटकाशी मॅडमची स्कूटर उभी होती. रांगेतला कुणीतरी ओरडला, "अहो, ही गाडी चालूच ठेवलीय कुणी?"

मंगल बी.ए. झाली, मी बी.ए. झाले, आमच्यामागून भाकरी थापणाऱ्या पोरीही होत आहेत. वसतिगृहाच्या भिंतीवर ती ओळ आहे. वसतिगृहात राहणारी प्रत्येक मुलगी मतदार आहे. पुढं 'परंतु' नाही.